बेसमेंटचं काम गच्चीवरून सुरू होतं

वाचकांचे प्रश्न : घर-दुरुस्ती

इंदुरात रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक झाली, राजवाड्यासमोरचे रस्ते धुऊन झाले, आणि आमच्याकडे पत्रांचा ढीग यायला लागला. दरवर्षी मार्चमध्येच लोकांना घराचं काम काढायचं सुचतं. यंदा कमाल म्हणजे निम्मी पत्रं बेसमेंटची आहेत, सगळ्यांच्या मुलांनी एकच व्हिडिओ बघितलाय की काय कोण जाणे. पाच पत्रं घेतलीत, पहिल्याला बरीच जास्त जागा दिलीय कारण बाकीच्या कितीतरी पत्रांची उत्तरं त्यातच येऊन जातात.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही सुदामा नगरला राहतो. प्लॉट ३० बाय ५०, घर १९९४ सालचं, सासऱ्यांनी उभं केलेलं. खाली बेसमेंट आहे, आतून २२ फूट बाय १४ फूट, उंची ८ फूट ४ इंच, आणि त्यात सध्या काय नाही ते विचारा, जुनी शिलाई मशीन, गणपतीचं मखर, दोन कूलर, मुलाची इंजिनियरिंगची पुस्तकं. मागच्या वर्षी मुलाकडे न्यू जर्सीला गेलो होतो, त्याच्या घरी खाली टीव्ही, सोफा, पाहुण्यांची बेडरूम, बाथरूम सगळं बघितलं, तेव्हापासून ह्यांनी तेच डोक्यात घेतलंय. दिवाळीत मुलगा-सून येणार, तोवर करायचंच म्हणतात. बजेट ६ लाख. एक ठेकेदार बघून गेला, म्हणाला भिंतींना वॉटरप्रूफ पुट्टी, त्यावर पीव्हीसी पॅनल, खाली लाकडी फ्लोअरिंग, वर फॉल्स सिलिंग, दीड महिन्यात रेडी, दहा वर्षांची गॅरंटी. पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल येते, ती पॅनलच्या मागे जाईल, दिसणारच नाही म्हणतो. माझं मन धजत नाहीये. काय करावं?
एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : तुमचं मन बरोबर सांगतंय. ठेकेदाराला पोहे-जिलबी खायला घाला आणि प्रेमाने परत पाठवा. ओल दिसणार नाही हे तो खरंच बोलला, दिसणार नाहीच, दोन पावसाळे गेले की नुसता वास येईल, आणि मग पॅनल काढाल तेव्हा मागे काळी बुरशी आणि वाळवीची घरं निघतील. हे मी ऐकीव सांगत नाहीये, स्वतःच्या घरी केलंय. तीस वर्षं लोकांची घरं बांधून झाल्यावर मी आमच्या बेसमेंटला हौसेनं प्लायवूडचं पॅनलिंग केलं, कारण नवऱ्याला तिथे गाणी ऐकायची होती आणि मला घाई होती. २०२० च्या ऑगस्टात इंदुरात एका रात्रीत दहा इंच पाऊस झाला तो आठवतोय ना, त्या सकाळी आमच्या बारा पायऱ्यांपैकी खालच्या चार पाण्यात होत्या आणि चकलीचा सोऱ्या ठेवलेला डबा मजेत तरंगत होता. तेव्हा मी इंजिनियर असून तोंड लपवून ठेकेदाराला फोन केला होता, त्यामुळे ह्यांना फार बोलू नका.

आधी ते न्यू जर्सीचं डोक्यातून काढू. तिकडे हिवाळ्यात जमीन गोठते, गोठलेली जमीन फुगते आणि पाया उचलते, म्हणून पाया त्या गोठण्याच्या खोलीच्याही खाली न्यावा लागतो, मग इतकं खोदलंच आहे तर आणखी थोडं खोदून खोली करून घ्या असा त्यांचा हिशोब. आपल्याकडे असं काही नाही. आपण जागा कमी पडते म्हणून खोदतो, आणि खोदतो कुठे तर काळ्या मातीत. माळव्याचं कौतुक आपण लहानपणापासून ऐकतो, मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी पग पग नीर, पण हे पग पग नीर ज्याच्या घरी बेसमेंट आहे त्याला विचारा. ही माती मे महिन्यात अशी फाटते की भेगेत हात जातो, आणि पहिला जोराचा पाऊस त्या भेगांमधून सरळ तुमच्या भिंतीच्या पायथ्याशी उतरतो. नंतर तीच माती पाणी पिऊन फुगते आणि भिंतीला ढकलायला लागते. म्हणजे भिंतीवर पाण्याचा जोर वेगळा आणि मातीचा वेगळा. पाण्याचा किती ते सांगते, भिंतीबाहेर सात फूट पाणी साचलं तर पायथ्याशी एका चौरस फुटावर जवळजवळ २०० किलो. आता तुम्हीच सांगा, दोन मिलिमीटर पुट्टी त्याच्यापुढे काय करणार.

म्हणून पहिलं काम खर्चाचं नाहीच, पाणी नेमकं कुठून येतं ते शोधायचंय. आत्ता मार्च आहे, एप्रिल-मेमध्ये रोज ती मागची भिंत हाताने बघा. भर उन्हाळ्यातही ओली लागली तर पाऊस निर्दोष आहे, तुमच्याच घरातलं पाणी आहे. इंदुरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं म्हणून घरोघरी हौद आहेत, आणि बरेचसे हौद नेमके बेसमेंटच्या भिंतीला चिकटून आहेत, कोणी कसं ठरवलं देवालाच माहीत. हौद भरा, पाण्याची पातळी खडूने मार्क करा, नळ आणि मोटर दोन्ही बंद ठेवून २४ तासांनी बघा. खाली गेली असेल तर चोर सापडला. तसंच तळमजल्याच्या बाथरूमच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी जायच्या जाळीत, खायचा लाल रंग भरपूर पाण्यातून ओता आणि दोन-तीन दिवस खाली लक्ष ठेवा. सेप्टिक टँक किंवा ड्रेनेजचं चेंबर त्याच बाजूला असेल तर तेही उघडून बघा.

उन्हाळ्यात कोरडी आणि पावसात ओली असेल तर मग बाहेरचं पाणी. त्यातही डाग कुठे आहे ते बघायचं. वरच्या बाजूने खाली ओघळ येत असेल तर अंगणातली फरशी, नाली किंवा खिडकीची चौकट. फरशी आणि भिंत जिथे मिळते त्या रेषेवरून डाग वर चढत असेल तर खालचा जॉइंट उघडाय आणि जमिनीतलं पाणी दाबाने आत येतंय, हे जरा अवघड प्रकरण.

आता तुम्ही गच्चीवर जा. खरंच जा, हे पत्र वाचून झालं की. बेसमेंटचं काम तिथूनच सुरू होतं. गच्ची १००० चौरस फूट धरली तर एक इंच पावसाला तिच्यावरून २३०० लिटरच्या वर पाणी उतरतं, आणि ते सगळं दोन-तीन पाइपांतून तुमच्या भिंतीच्या बुडाशीच पडत असणार, कारण १९९४ मध्ये सगळ्यांनी तसंच केलंय. ते पाइप पुढे वाढवून भिंतीपासून लांब नेऊन सोडा. काहींनी हौसेनं रेन वॉटर हार्वेस्टिंगचा खड्डा केलाय, चांगलंच काम आहे, पण तोही भिंतीपासून दोन फुटांवर! म्हणजे गच्चीचं पाणी गोळा करून खास बेसमेंटला पाजायची व्यवस्था. खड्डा प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला हवा. मागच्या भिंतीलगत क्यारी असेल, कडीपत्ता, पेरू, जास्वंद, तर ती सरळ हलवा, रोज पाणी घालून तुम्ही स्वतःच ओल वाढवताय. तुळशी वृंदावन राहू दे, तेवढ्याने काही होत नाही. अंगणाचा उतार घराकडून बाहेर हवा, तुमच्याकडे मागे चार-पाच फूटच मोकळे असतील तर त्यात दीड इंच तरी उतार पाहिजे. बादलीभर पाणी ओतून बघा कुठे पळतं ते.

आणखी एक गोष्ट जी कोणी बघत नाही, समोरचा रस्ता. १९९४ ला तुमचं घर रस्त्यापेक्षा वर होतं, त्यानंतर किती वेळा डांबर झालं, मग सीमेंटचा रस्ता झाला, आता रस्ताच वर आलाय. बेसमेंटच्या जिन्याच्या तोंडाशी उंबरा किंवा चढ करून घ्या, अंगणापेक्षा निदान सहा इंच वर.

एवढं करूनही ओल राहिली, तर भिंत बाहेरून उघडायची. खरं वॉटरप्रूफिंग बाहेरूनच होतं, पाणी जिकडून ढकलतंय तिकडून थर लावला तर पाणीच तो थर भिंतीवर दाबून धरतं, आतून लावला तर पाणी त्याला सोलून काढतं, इतकं सोपंय. पायापर्यंत खोदायचं, भिंत धुवायची, प्लास्टर, त्यावर मेम्ब्रेन म्हणजे पाणी अडवणारा पातळ थर, मेम्ब्रेनला धक्का लागू नये म्हणून एक बोर्ड, आणि खोदलेली काळी माती परत टाकायची नाही, तिथे गिट्टी आणि मुरूम भरायचा, तळाशी भोकं असलेला पाइप टाकून पाणी बाहेर काढायचं. पण एक सांगून ठेवते, अख्खी भिंत एकदम उघडू देऊ नका, चार-पाच फुटांचे तुकडे करून एक भरल्यावर दुसरा, आणि हे स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवूनच. भर उन्हाळ्यात करायचं, मेच्या शेवटी खड्डा उघडा राहिला आणि पाऊस आला तर भिंत आत यायची भीती असते.

शेजाऱ्याच्या बाजूची भिंत तुम्हाला बाहेरून मिळणारच नाही. तिथे आतूनच भागवावं लागतं. भिंत आरसीसीची असेल तर भेगांमध्ये ग्राउटिंग (पातळ माल दाबाने भरणं) आणि क्रिस्टलाइन कोटिंग (काँक्रीटची भोकं आतून बुजवणारा लेप) चालतं, पण तुमच्या काळातल्या बऱ्याच बेसमेंटच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्या आहेत, आणि क्रिस्टलाइनचं औषध काँक्रीटमधल्या चुन्याशीच काम करतं, विटेवर ते लावणं म्हणजे पैसे फासणं. म्हणून आधी एका कोपऱ्यात प्लास्टर फोडून आत काय आहे ते बघा. विटांची असेल तर भिंतीचं पाणी अडवायच्या नादी लागूच नका, भिंतीच्या कडेने फरशीत बारीक नाली काढा आणि कोपऱ्यातल्या खड्ड्यात पंपापर्यंत आणा. खड्डा दोन बाय दोन फूट, अडीच फूट खोल, त्यात फ्लोटवर आपोआप चालू होणारा पंप. पंप इन्व्हर्टरवर हवा. ज्या पावसात पाणी भरतं त्याच पावसात लाइट जाते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता उंची. ८ फूट ४ इंच म्हणजे १०० इंच. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे बेसमेंट फरशीपासून छतापर्यंत निदान २.४ मीटर पाहिजे, म्हणजे साडेचौऱ्याण्णव इंच. तुमच्याकडे साडेपाच इंच शिल्लक, आणि ते पण बीमच्या खालून मोजलंय की स्लॅबच्या, ते बघा. फरशीवर नवीन थर आणि टाइल्स मिळून तीन इंच गेले, उरले अडीच. फॉल्स सिलिंग कमीत कमी चार-सहा इंच खाते. म्हणजे सिलिंग विसरा, स्लॅबला पांढरा रंग द्या, वायरिंग वरूनच पाइपातून न्या, आजकाल लोक मुद्दाम तसं करतात. "मग फरशी एक फूट खाली खोदू" असं कोणी म्हणालं तर त्याला त्याच क्षणी दार दाखवा. पायाच्या बाजूची माती काढली की वरची दोन मजल्यांची भिंत कशावर उभी राहणार? लाकडी फ्लोअरिंगही नको, कोटा किंवा व्हिट्रिफाइड घाला, वर सतरंजी, गालिचा, जे उचलून उन्हात टाकता येतं ते.

बेडरूमला माझं साफ नाही. कोडमध्ये घरच्या बेसमेंटला सामान, मशीन, पार्किंग असेच उपयोग दिलेत, राहायला नाही, आणि तुमच्या मंजूर नकाशात बेसमेंटपुढे काय लिहिलंय ते काढून बघा, महानगरपालिकेत तोच कागद चालतो. टीव्ही बघायला दोन तास बसणं वेगळं आणि रात्री झोपणं वेगळं. मुलाला विचारा, अमेरिकेतसुद्धा बेसमेंटमध्ये झोपायची खोली करायची तर माणूस बाहेर निघू शकेल अशी खिडकी लागते, उघडल्यावर ५.७ चौरस फूट मोकळी जागा आणि खालचा काठ फरशीपासून ४४ इंचांच्या आत. तुमच्याकडे छताजवळ एक फूट उंचीची जाळी असेल, त्यातून मांजर निघेल फक्त. सून-मुलाला वर झोपवा, आणि गरज पडली तर तुम्ही दोघं हॉलमध्ये झोपा.

बाथरूम पण नको. रस्त्यावरचं ड्रेनेज तुमच्या बेसमेंटच्या फरशीपेक्षा वर आहे, म्हणजे मैला पंपाने वर ढकलावा लागेल, आणि जोराच्या पावसात लाइन भरली की तेच पाणी उलटं खाली. व्हॉल्व्ह लावतात, पण तो अडकला की पुढचं मी जेवायच्या वेळेला वाचणाऱ्यांसाठी लिहीत नाही. वायरिंगचं म्हणाल तर बेसमेंटची लाइन वेगळी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), प्लग फरशीपासून निदान तीन फुटांवर, आणि मेन बोर्ड खाली असेल तर आधी वर आणा. आणि जिन्यात एक इमर्जन्सी लाइट.

तर दिवाळीचं काय? एप्रिल-मेमध्ये बाहेरचं सगळं काम, ६ लाखांपैकी निदान दोन-अडीच तिथे जाऊ देत, डोळ्यांना काही दिसणार नाही आणि ह्यांची चिडचिड होईल. जून ते सप्टेंबर बेसमेंट पूर्ण रिकामं ठेवायचं, सामान नाही, रंग नाही, आणि दर मोठ्या पावसानंतर खाली जाऊन पेन्सिलने ओलीची कड आखून बाजूला तारीख लिहायची. पितृपक्षापर्यंत भिंत कोरडी राहिली तर दसऱ्याला आतलं काम सुरू करा. मुलगा येईल तेव्हा खाली कदाचित नुसती पांढरी भिंत, एक सतरंजी आणि टीव्ही असेल. सोफा पुढच्या वर्षी. मखर आणि पुस्तकं कुठे ठेवायची हा खरा प्रश्न आहे, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आमच्या घरी अजून भांडण चालू आहे.

प्रश्न : आमचं घर नवीन आहे, बेसमेंट आरसीसीचं, बिल्डरने बाहेरून वॉटरप्रूफिंग केल्याचे फोटो आहेत. उन्हाळ्यात एकदम कोरडं असतं, पण श्रावण आला की भिंतींवर आणि टाइल्सवर पाण्याचे थेंब, कपाटातल्या चपलांना बुरशी. हवा खेळती राहावी म्हणून दिवसभर खिडक्या उघड्या आणि एक्झॉस्ट चालू ठेवतो तरी फरक नाही, उलट जास्तच. वॉटरप्रूफिंग फेल झालं का?
एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : बिचाऱ्या बिल्डरला शिव्या देण्याआधी एक प्रयोग करा. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर लावा, चारही कडा टेपने पक्क्या बंद, आणि एक दिवस-रात्र तसंच राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. आतून कोरडं आणि खोलीकडच्या बाजूला ओलं असेल तर ते हवेतलं पाणी आहे, आणि तुमच्या वर्णनावरून मला तेच वाटतंय.

थंड पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवला की बाहेरून घाम सुटतो ना, तसं तुमचं बेसमेंट आहे. जमिनीखालची भिंत गार असते. पावसाळ्यातली बाहेरची हवा ३० डिग्री आणि ८० टक्के दमट असेल तर २६ डिग्रीच्या खाली असलेल्या कुठल्याही वस्तूवर ती पाणी सोडते. तुम्ही खिडक्या उघडून आणि एक्झॉस्टने ओढून ओढून तीच दमट हवा आत आणताय. घरातली मोठी माणसं सांगतात तळघर उघडं ठेव, ते खरंय, पण दिवाळीनंतर. पावसाळ्यात खिडक्या बंद, एसी ड्राय मोडवर किंवा डीह्यूमिडिफायर, आणि ह्यूमिडिटी मीटर मिळतं घड्याळासारखं, ते लावा, ६० टक्क्यांच्या खाली राहिलं की बुरशी थांबते. कपाट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ओढा. आणि ओले कपडे खाली वाळत घालत असाल तर बंद करा, हे तुम्ही लिहिलं नाहीये पण श्रावणात सगळेच घालतात.

प्रश्न : मी घरी दहावी-बारावीच्या गणिताच्या ट्यूशन घेते. हॉल पुरत नाही म्हणून बेसमेंट नीट करून तिथे २५-३० मुलं बसवायचा विचार आहे. जिना एकच आहे, अडीच फुटांचा. बाक, बोर्ड, एसीचा खर्च किती धरावा?
एक वाचक, वैशाली नगर, इंदूर

उत्तर : खर्च धरूच नका ताई. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत राजेंद्र नगरला कोचिंगच्या बेसमेंटमधल्या लायब्ररीत रस्त्यावरचं पाणी घुसलं आणि तीन मुलं गेली. ती मोठी मुलं होती, यूपीएससीची तयारी करणारी, धावायला पळायला धडधाकट. पायऱ्यांवरून पाणी जोराने खाली येत असतं तेव्हा त्याच पायऱ्या चढून वर यायचं असतं, आणि बाहेर उघडणारं दार असलं तर पाण्याच्या दाबाने ते उघडत नाही. तुमच्याकडे अडीच फुटांचा एक जिना आणि तीस मुलं. मंजुरीचा प्रश्न तर आहेच, सील लागलं तर वरच्या हॉलमधल्या ट्यूशनही बंद पडतील. गच्चीवर शेड घाला किंवा दोन बॅच करा.

प्रश्न : लष्करमध्ये आमचं पणजोबांच्या वेळचं घर आहे, खाली दगडाचं तळघर, घरात सगळे तहखानाच म्हणतात. आजोबा जेठ महिन्यात दुपारी तिथेच चटई टाकून झोपायचे. आता दगडांवर पांढरी पावडर येते, जुनं प्लास्टर गळतं. सीमेंट प्लास्टर आणि वर टाइल्स लावून ऑफिस करावं असं भावाचं म्हणणं आहे. पूर्वी भिंतीत वर दोन झरोके होते, ते काकांनी उंदीर येतात म्हणून विटांनी बंद केले.
एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : तुमचं पत्र वाचून खरं सांगायचं तर मला हेवा वाटला. भावाला सांगा, सीमेंटची एक गोणीसुद्धा खाली जाऊ देऊ नकोस.

ती पांढरी पावडर म्हणजे लोणा. जमिनीतली ओल दगडातून वर येते, येताना क्षार घेऊन येते, पाणी उडून जातं आणि क्षार राहतात. चुन्याचं प्लास्टर ह्या ओलीला बाहेर जाऊ देतं, त्या बदल्यात स्वतः झिजतं आणि दगड वाचतो, म्हणून ते दर काही वर्षांनी नवीन करायचंच असतं, ते खराब झालं नाही, त्याने काम केलं. सीमेंट आणि टाइल्सने तोंड बंद केलंत तर क्षार आत दगडातच जमतील, फुगतील आणि तुमचा तो वाळूचा दगड पापुद्रे सुटल्यासारखा सुटेल. ओल पण कुठेतरी जाणारच, भिंतीतून आणखी वर, तळमजल्यापर्यंत.

आधी झरोके उघडा. बारीक जाळी लावा, उंदीर नाही येणार. तुमच्याच गावात किल्ल्यावर मानमंदिर आहे, राजा मानसिंह तोमरांचं, त्यात जमिनीखाली दोन मजले आहेत आणि हवेसाठी वरून खाली केलेल्या वाटा आहेत, पाचशे वर्षांपूर्वी त्यांना जे कळत होतं ते काकांनी दोन तासांत बंद केलं. (काका असतील तर हे त्यांना वाचून दाखवू नका.) मग कोरड्या ब्रशने लोणा झाडून गोळा करून बाहेर टाका, पाण्याने धुऊ नका, तो परत आत जातो. सांध्यांमधला सुटलेला माल खरवडून चुना आणि सुरखीने (विटांच्या भुकटीने) भरा, त्यावर चुन्याचं प्लास्टर आणि चुनाच रंग म्हणून, ऑइल पेंट किंवा प्लास्टिक इमल्शन नाही. चुन्याचं काम येणारा म्हातारा कारीगर तुमच्याकडे अजून सापडेल, जुन्या मंदिरांची दुरुस्ती करणाऱ्यांकडे चौकशी करा. घाई करू देऊ नका त्याला, प्रत्येक थर सावकाश वाळू द्यायचा आणि मधूनमधून पाण्याचा हात फिरवायचा.

उन्हाळ्यात झरोके रात्री उघडे, दिवसा लू चालू असताना बंद. ऑफिस कराच असं मी म्हणणार नाही, कागद आणि कॉम्प्युटर दोघांनाही ती जागा मानवणार नाही. आजोबांनी केलं तेच चांगलं होतं, बाहेर ४५ डिग्री असताना चटई, माठ आणि दुपारची झोप.

प्रश्न : किचनमध्ये जागा नाही म्हणून भरलेला दुसरा गॅस सिलिंडर आणि इन्व्हर्टरची बॅटरी बेसमेंटमध्ये ठेवली तर चालेल का?
एक वाचक, स्नेह नगर, इंदूर

उत्तर : सिलिंडर आजच्या आज वर आणा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर उडून जात नाही, बेसमेंटच्या फरशीवर पाण्यासारखा साचतो, आणि तुम्ही रात्री खाली जाऊन लाइटचं बटण दाबता. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून ती खाली ठेवायची तर हवा येती-जाती पाहिजे, पण मी तर तीही वर आणून घरातल्या जिन्याखाली ठेवीन. जनरेटर आहे का ते लिहिलं नाहीये, असला तर तो बेसमेंटमध्ये कधीच नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.